हळू पळणे हेही पळणेच

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे उमरग्याची पहाटही भरतीसाठी पळणाऱ्या मुलामुलींची असते. कोणी पोलिसांत जायची तयारी करतो, कोणी सैन्यात. एक जण पळतो, दुसरा मोबाइलवर सेकंद मोजतो. पळण्याचा हाच एक अर्थ गावाला माहीत आहे. त्यामुळे पंचेचाळिशीतला एखादा दुकानदार किंवा शाळेतल्या एखाद्या बाई बूट घालून मैदानावर सावकाश पळू लागल्या, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काय, भरती निघाली का?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ऐकणारा दुसऱ्या दिवशी पळायचे सोडून नुसता चालतो आणि आठवडाभरात घरीच थांबतो.

अशा माणसाला डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलेले असते. गुडघे ठीक असतात, बूटही आणलेले असतात. कमी पडतो तो विश्वास. ‘आपल्याला जमणार नाही, आणि जमत नाही हे चारचौघांना दिसणार’ ही भीती दम लागण्यापेक्षा मोठी असते. लोक तिला आळस म्हणतात किंवा स्वभावाचा दोष मानतात. प्रत्यक्षात ती चुकीच्या मोजपट्टीतून आलेली असते. मोजपट्टी बदलली, तर भीतीही कमी होते.

मोजपट्टी भरतीची

गेल्या काही वर्षांतल्या राज्य पोलीस भरतीचे निकष पाहा. मैदानी चाचणीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटरचे पूर्ण २० गुण मिळवायचे, तर ते अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवावे लागते. म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग. मुलींना ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत, म्हणजे ताशी जवळपास १७ किलोमीटरने पळावे लागते. विशीतल्या उमेदवारांना निवडण्यासाठी ठरवलेला हा वेग आहे. बहुतेकांना तोही महिनोन्‌महिने घाम गाळल्यावरच साधतो.

नव्याने सुरुवात करणारा पंचेचाळिशीतला माणूस किलोमीटरला नऊ-दहा मिनिटे घेतो. त्याचा वेग ताशी सहा-सात किलोमीटर, भरतीच्या मुलांच्या जेमतेम एकतृतीयांश. भरतीच्या मोजपट्टीवर त्याला शून्य गुण आहेत. पण त्याला भरती व्हायचेच नाही. त्याला रक्तातली साखर आटोक्यात ठेवायची आहे, जिना चढताना धाप लागू द्यायची नाही आणि पुढची तीस वर्षे स्वतःच्या पायावर हिंडायचे आहे. त्याची परीक्षा वेगळी आहे, पण तो बसलाय दुसऱ्याच परीक्षेच्या वर्गात.

ही बाब एकट्यादुकट्याची नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता फक्त पुण्या-मुंबईचा आजार राहिलेला नाही. अशा वेळी ज्यांना व्यायामाची सर्वांत जास्त गरज आहे, तेच लाजेने मैदान सोडत असतील, तर ते नुकसान सगळ्या गावाचे आहे.

विश्वास आधी की पळणे आधी?

‘आधी आत्मविश्वास आणा, मग सगळे जमेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मानसशास्त्र याच्या उलट सांगते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘आपल्याला अमुक एक गोष्ट जमेल’ या विश्वासाची मांडणी केली. हा विश्वास चार वाटांनी येतो, असे त्याने दाखवले. पहिली आणि सर्वांत पक्की वाट म्हणजे ती गोष्ट स्वतः करून पुरी केल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला तरी ती जमताना पाहणे. तिसरी, दुसऱ्याने दिलेला धीर. आणि चौथी, आपले शरीर देत असलेल्या खुणांचा आपण लावलेला अर्थ.

नवखा माणूस नेमका या चारही वाटांवर अडखळतो. पहिल्याच दिवशी तो भरतीच्या पोरांच्या मागे सुटतो, दोनशे मीटरवर धापा टाकत थांबतो. अनुभव गाठीला येतो तो अपयशाचा. आजूबाजूला त्याच्या वयाचा, त्याच्या वेगाचा कोणी नसतो. धीर देण्याऐवजी थट्टा होते. आणि छातीतली धडधड ऐकून तो ठरवतो, की हे आपले काम नव्हे. चारही वाटा बंद झाल्यावर विश्वास येणार कुठून?

म्हणून सुरुवात अशी हवी की जी पुरी करता येईलच. पाच मिनिटे चालणे, मग एक मिनिट सावकाश पळणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सहा-सात वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटे चालणे. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सुट्टी. हे फारच सोपे वाटले तर उत्तमच, पहिल्या आठवड्याचे काम तेवढेच. पुढे दर आठवड्याला पळण्याचा वाटा थोडा वाढवत जायचे. मधे चालणे म्हणजे हार नव्हे. जेफ गॅलोवे हा अमेरिकी धावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर पळाला होता. त्यानेच पुढे सामान्य माणसांना ‘थोडे पळा, थोडे चाला’ ही पद्धत शिकवली. ऑलिम्पिकपटूला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात उमरग्याच्या दुकानदाराला वाटायचे कारण नाही.

सावकाश पळण्याचे शास्त्र

पळायला लागल्यावर पहिली काही मिनिटे सर्वांत अवघड जातात. स्नायूंची प्राणवायूची मागणी एकदम वाढते, पण हृदय आणि फुप्फुसे ती पुरी करण्याच्या वेगाला यायला थोडा अवधी घेतात. तेवढ्या काळात श्वास जड होतो, पाय शिशाचे वाटतात. नवखा नेमका याच टप्प्यावर थांबतो आणि समजतो, की आपला दमच तेवढा. वेग आणखी कमी केला, तर बहुतेकांचा श्वास आठ-दहा मिनिटांत लयीत येतो. शरीराच्या खुणेचा खरा अर्थ ‘जमत नाही’ असा नसून ‘थोडे थांब, तयारी चालू आहे’ असा असतो.

वेग बरोबर आहे की नाही, हे कळायला महागडे घड्याळ लागत नाही. पळता पळता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर वेग योग्य. दोन शब्दांवर वाक्य तुटत असेल, तर वेग जास्त. व्यायामशास्त्रात ही बोलण्याची कसोटी मान्य आहे आणि सुरुवातीच्या धावपटूला तिच्याहून सोपे साधन नाही.

या वेगात शरीरात बरेच काही घडते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. स्नायूंना रक्तातली साखर उचलणे सोपे जाते. हे बदल काही आठवड्यांत सुरू होतात. स्नायूबंध आणि हाडे मात्र सावकाश घट्ट होतात, त्यांना महिने लागतात. दम सुधारला म्हणून उत्साहाने वेग वाढवणाऱ्यांच्या नडग्या आणि टाचा याच कारणाने दुखावतात. अव्वल धावपटूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकाला आढळले, की ते आपला सुमारे ८० टक्के सराव हलक्या जोराचाच ठेवतात. त्यांचा हलका वेग आपल्याला वाऱ्यासारखा वाटतो, पण त्यांच्या शरीराला तो सावकाशच असतो.

हळू पळून फायदा होतो का, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांची सरासरी १५ वर्षे नोंद ठेवून झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. न पळणाऱ्यांच्या तुलनेत पळणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ३० टक्क्यांनी, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी आढळला. रोज पाच-दहा मिनिटेच आणि ताशी साडेनऊ किलोमीटरहून कमी वेगाने पळणाऱ्यांतही धोका लक्षणीय कमी होता. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, पळणारी माणसे इतर बाबतींतही तब्येत जपणारी असू शकतात, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही ‘वेगाशिवाय उपयोग नाही’ हा समज त्यात टिकत नाही. ऊर्जेचा हिशेबही तसाच आहे. एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते, मग वेग कोणताही असो. सत्तर किलोचा माणूस तीन किलोमीटर पळाला, तर दोनशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात. हळू पळणाऱ्याला फक्त वेळ जास्त लागतो.

‘पळून गुडघे झिजतात’ ही भीतीही मोठी. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेल्या निष्कर्षात हौसेने पळणाऱ्यांपैकी साडेतीन टक्क्यांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली. न पळणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे होते. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत ते तेरा टक्क्यांच्या वर गेले होते. म्हणजे सावकाश, बेताने पळणारा इथेही फायद्यातच आहे. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे आणि चालण्यापासूनच सुरुवात करावी.

आपल्यासारखे कोणी दिसले पाहिजे

मराठवाड्याला धावपटूंची कमी नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर शर्यतींकडे वळले. पुढे हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण त्यांनी मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. धाराशिवच्याच सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बारामतीत लुगडे नेसून, नवऱ्याच्या उपचारासाठी पळालेल्या लता करे यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. या सगळ्यांचा अभिमान वाटायलाच हवा. पण या कथांमधला एक धागा सारखा आहे : त्या जिंकण्याच्या कथा आहेत. पहिल्याच आठवड्यात धाप लागलेल्या माणसाला त्या कौतुकाच्या वाटतात, पण स्वतःच्या वाटत नाहीत. बांडुराच्या दुसऱ्या वाटेची अटच ती आहे, जमवून दाखवणारा माणूस आपल्यासारखा असला पाहिजे.

पंजाबचे फौजा सिंग ८९ व्या वर्षी लंडनची पहिली मॅरेथॉन पळाले. वयाची शंभरी गाठल्याचे सांगत २०११ मध्ये त्यांनी टोरंटोची मॅरेथॉन पुरी केली, तेव्हा त्यांना आठ तासांहून अधिक वेळ लागला. जन्माचा दाखला नसल्याने गिनीजने नोंद घेतली नाही, पण जगाने घेतली. कौतुक वेळेचे नव्हते, शेवटपर्यंत पोचण्याचे होते.

आज जगभर ज्याला ‘जॉगिंग’ म्हणतात, त्याच्या प्रसारामागेही एक मागे पडलेला माणूस आहे. बिल बॉवरमन हे अमेरिकेतले नावाजलेले प्रशिक्षक, पुढे ‘नायकी’चे सहसंस्थापक म्हणून ओळखले गेले. १९६२ च्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले. तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी त्यांना ऑकलंडच्या सामान्य नागरिकांबरोबर पळायला नेले. पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन मागे पडले. त्यांच्यासाठी वेग कमी करून सोबत राहिला, तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा. बॉवरमन मायदेशी परतले ते सामान्यांना हळू पळायला लावायचेच, असे ठरवून. एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर १९६७ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकामुळे अमेरिकेत जॉगिंग घराघरांत पोचले. वेगवान धावपटू घडवणाऱ्याला आपल्याच वेगाची लाज सोडता आली, ती कोणीतरी सोबत थांबल्यामुळे.

उमरग्यात काय करता येईल?

इथून पुढचे काम फक्त पळणाऱ्याचे नाही. पहिला प्रश्न जागेचा. उमरग्याच्या अंगावरून सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. अंधारात त्याच्या कडेने पळणे धोक्याचे आहे, उसाच्या गाड्यांच्या दिवसांत तर फारच. शाळा-महाविद्यालयांची मैदाने पहाटे दोन तास सर्वांसाठी खुली राहिली आणि तिथे चार दिवे लागले, तर मोठा अडसर दूर होईल. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात जी गावे नव्याने वसली, त्यांचे अंतर्गत रस्ते जुन्या गावांपेक्षा रुंद आणि सरळ आहेत. ते पहाटेच्या पळण्यासाठी चांगले वापरता येतील. भटकी कुत्री आणि अंधार या दोन गोष्टींमुळे किती बायका घराबाहेर पडत नाहीत, हा आरोग्याचा प्रश्न म्हणून नगरपालिकेने पाहायला हवा.

स्त्रियांची अडचण दुहेरी आहे. पुरुषाच्या हळू पळण्याला लोक हसतात, बाईच्या तर पळण्यालाच. त्यावर सर्वांत चालणारा उपाय म्हणजे सोबत. शेजारच्या तिघी-चौघी ठरवून निघाल्या, की बघणाऱ्यांच्या नजरेची धार बोथट होते. कपडे कोणते हा प्रश्न गौण आहे. सलवार-कमीज आणि ओढणी नीट खोचलेली असली तरी पळता येते. पायात मात्र मापाचे, मऊ तळाचे बूट हवेत, चपलेवर पळू नये.

दुसरा बदल स्पर्धांमध्ये व्हावा. गावोगावी ‘मॅरेथॉन’ भरतात, टी-शर्ट वाटले जातात, पहिल्या तिघांना चषक मिळतात. शेवटचे स्पर्धक येतात, तेव्हा अनेकदा मंडप उतरवायला सुरुवात झालेली असते. इंग्लंडमध्ये २००४ साली तेरा धावपटूंनिशी सुरू झालेला ‘पार्करन’ हा दर शनिवारचा पाच किलोमीटरचा मोफत उपक्रम आज अनेक देशांत चालतो. त्यात एक स्वयंसेवक नेमलेलाच असतो, ज्याने सर्वांच्या शेवटी राहायचे. त्यामुळे दुसरे कोणीच शेवटचे येत नाही. उमरग्यात रविवारी सकाळी तीन किलोमीटरचा असा कार्यक्रम सुरू करायला पैसा लागत नाही. वेळ लावायची नाही, क्रमांक काढायचे नाहीत, चालत आले तरी चालेल. भरतीच्या मुलांपैकी दोघांनी पाळीपाळीने शेवटच्या माणसाबरोबर राहायचे. जी मुले आज नकळत मोजपट्टी होऊन बसली आहेत, तीच उद्या धीर देणारी होतील.

धीर देण्याचीही रीत असते. ‘वा, भारी!’ म्हटल्याने क्षणभर बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी दम लागला की ते विरते. ‘गेल्या सोमवारी चार मिनिटांत थांबला होतात, आज सहा झाली,’ हे मनात टिकते, कारण ते खरे असते. म्हणून सुरुवातीला वहीत फक्त दोन नोंदी ठेवाव्यात : तारीख आणि किती मिनिटे. वेग लिहूच नये. महिन्याने मागची पाने चाळली, की विश्वास द्यायला दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

काही सावधगिरी मात्र हवीच. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पळताना साखर फार उतरू शकते, त्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा विश्रांतीनंतरही धाप ओसरली नाही, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. एप्रिल-मेमध्ये उन्हे चढायच्या आत परत यावे. पाऊस, लग्नसराई, आजारपण यांत खंड पडणारच. खंडानंतर मागे जिथे थांबलो त्याच्या दोन पायऱ्या अलीकडून सुरुवात करावी, पहिल्यापासून नव्हे.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा चाललेले काय वाईट? काहीच वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम करावा, आणि झपझप चालूनही तो पुरा होतो. पळणे कोणावर सक्तीचे नाही. पण ज्याला पळावेसे वाटते, त्याने केवळ हळू आहे म्हणून ते सोडावे, हे योग्य नाही. भरतीच्या पोरांना त्यांची सेकंदे लखलाभ. बाकीच्यांनी आपली मिनिटे मोजावीत, आणि मैदानावरच्या हळू पळणाऱ्याला ‘भरती निघाली का’ असे विचारण्याऐवजी ‘उद्या किती वाजता येताय’ असे विचारावे.